गॉडफादरची खुर्ची आणि आमच्या नगरचा रामा शेट्टी

सदाशिव अमरापूरकर आमच्या नगरचे. नगरच्या माणसाला हे वाक्य कुठेही, कुणालाही सांगायची सवय असते. पुण्यात ऑफिसात कॅन्टीनला बसल्यावर सिनेमाचा विषय निघाला की मी हमखास सांगतो, आणि समोरचा हमखास म्हणतो, "हो का? 'सडक'मधली महाराणी ना?" मग मी चिडतो. महाराणी बरोबरच आहे, त्या भूमिकेला खलनायकाचं फिल्मफेअर मिळालं होतं, आणि तो पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला होता. पण खरा माणूस 'अर्धसत्य'मधला, रामा शेट्टी!

(जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे. पण तोंडात बसलेलं नगर जाता जात नाही, तेव्हा या लेखात नगरच म्हणतो. समजून घ्या.)

तर आजचा विषय रामा शेट्टी आणि फ्रान्सिस फोर्ड कपोला. म्हणजे 'द गॉडफादर'चा दिग्दर्शक. या अमेरिकन माणसाने जगभरच्या गुंडांच्या सिनेमांवर आणि थरारपटांवर काय परिणाम केला, यावर ढिगाने लिहिलं गेलंय. त्यात मी नवीन काय भर घालणार? पण एक गोष्ट बरीच वर्षं डोक्यात आहे, आणि ती नगर जिल्ह्यातल्या एका व्हरांड्याशी जोडलेली आहे. म्हणून हा उद्योग.

'गॉडफादर' मी पहिल्यांदा इंजिनियरिंगला असताना हॉस्टेलवर पाहिला. एका मित्राच्या कॉम्प्युटरवर, तीन व्हीसीडीत मिळून एक सिनेमा. आम्ही आठ-दहा जण दोन कॉटवर दाटीवाटीने बसलेलो. सगळे गोळीबाराची वाट बघत होते. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्याच प्रसंगाला मी गप्प झालो. बाकीचे कंटाळले होते, "अरे पुढे ढकल ना!" वगैरे चाललं होतं. मला मात्र वाटत होतं, हे मी पाहिलंय. सिनेमात नाही, प्रत्यक्ष. ते कुठे पाहिलं ते शेवटी सांगतो. आधी इतिहास.

कपोलाच्या आधीचा गुंड

अमेरिकन गुंडपटांची पहिली मोठी लाट १९३१-३२ ची. 'लिटल सीझर', 'द पब्लिक एनिमी' आणि हॉवर्ड हॉक्सचा 'स्कारफेस' हे तीन सिनेमे त्यातले सगळ्यात गाजलेले. तिन्हींचा साचा साधारण एकच. गरिबीतून आलेला एक तडफदार पोरगा, हातात बंदूक, झपाट्याने वर चढतो आणि तितक्याच झपाट्याने गोळ्या खाऊन पडतो. पुढे १९३४ पासून हॉलिवूडने स्वतःच घालून घेतलेली नियमावली कडकपणे लागू झाली. गुन्हेगाराला शिक्षा झालेली दिसलीच पाहिजे, असा दंडक आला. त्यामुळे गुंड हा एकटा, पिसाळलेला आणि शेवटी मरणारा प्राणी ठरून गेला.

मारिओ पुझोची कादंबरी १९६९ साली आली आणि प्रचंड खपली. पॅरामाउंट स्टुडिओला त्यावर झटपट, स्वस्तात सिनेमा काढायचा होता. गोष्ट सत्तरच्या दशकात आणा, म्हणजे जुन्या गाड्या, जुने कपडे यांचा खर्च वाचेल, असा त्यांचा हिशोब. (कोणत्याही प्रोजेक्ट मॅनेजरला हा हिशोब ओळखीचा वाटेल!) कपोला तेव्हा तिशीच्या सुरुवातीचा, स्वतः इटालियन वंशाचा. तो अडून बसला की गोष्ट चाळीसच्या दशकातच घडेल. मार्लन ब्रँडो स्टुडिओला नको होता, अल पचिनो तर अजिबातच नको होता. त्या दोघांसाठीही तो अडून बसला. १९७२ च्या मार्चमध्ये सिनेमा आला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ऑस्कर, ब्रँडोने ते नाकारणं, वगैरे.

मला सांगायचंय ते पहिल्या दृश्याबद्दल.

पडदा काळा. त्यातून एक चेहरा उजळतो. बोनासेरा नावाचा माणूस, धंद्याने अंत्यविधीची तयारी करणारा. त्याच्या मुलीवर दोन पोरांनी हात टाकला, तिला मारून तिचा चेहरा मोडला. हा भला माणूस कायद्याने पोलिसांत गेला, कोर्टात गेला. कोर्टाने शिक्षा सुनावली आणि तिथेच स्थगित केली. पोरं त्याच्यासमोर हसत घरी गेली. तो हे सांगत असताना कॅमेरा हळूहळू, अगदी जाणवणार नाही इतका हळू, मागे मागे सरकतो. जवळजवळ तीन मिनिटं. मग कडेने एका माणसाचं डोकं आणि हात दिसायला लागतो. तेव्हा आपल्याला कळतं, हा माणूस कुणापुढे तरी बसून गाऱ्हाणं सांगतोय.

खोलीत अंधार, खिडक्यांच्या पट्ट्या बंद. बाहेर उन्हात डॉनच्या मुलीचं लग्न चाललंय, गाणी-बजावणी, केक, पोरंबाळं. छायाचित्रकार गॉर्डन विलिसने प्रकाश वरून टाकलाय, त्यामुळे डॉनचे डोळेच नीट दिसत नाहीत. डॉन ओरडत नाही. त्याच्या मांडीवर मांजर आहे. तो म्हणतो त्याचा अर्थ एवढाच की, इतकी वर्षं तू माझ्याकडे कधी चहालासुद्धा बोलावलं नाहीस, आज आलास ते असा. बोनासेरा पैसे विचारतो तर तो दुखावतो. शेवटी बोनासेरा त्याच्या हाताचं चुंबन घेतो आणि काम होतं. डॉन सांगून ठेवतो, कधीतरी मी तुझ्याकडे एक काम मागेन. कदाचित मागणारही नाही.

आणि मागतो! सिनेमाच्या उत्तरार्धात डॉनच्या थोरल्या मुलाची गोळ्यांनी चाळण होते. रात्री डॉन ते प्रेत घेऊन बोनासेराकडे येतो. याच्या आईला बघवेल असा त्याला कर, एवढंच त्याचं मागणं. खून कर म्हणत नाही, पैसे मागत नाही. ज्याला जे येतं तेच मागतो.

माझ्या मते कपोलाचा सगळ्यात मोठा परिणाम हा आहे. लोक बाप्तिस्मा आणि खून यांची जोडकाम केलेली दृश्यमालिका सांगतात, हॉटेलातल्या खुनाआधी वाढत जाणारा आगगाडीचा आवाज सांगतात. ते आहेच, आणि थरारपटवाल्यांनी ते वर्षानुवर्षं गिरवलंय. पण कपोलाने गुंडाच्या हातातली बंदूक काढून घेतली आणि त्याला एक खुर्ची दिली. समोर दुसरी खुर्ची ठेवली. त्या दुसऱ्या खुर्चीवर कोर्टाने परत पाठवलेला माणूस येऊन बसतो. डॉनची ताकद त्याच्या बंदुकीत नाही, त्या दुसऱ्या खुर्चीवर बसायला येणाऱ्या माणसांच्या रांगेत आहे.

मुंबईला काय पोचलं

आपल्याकडे तेव्हा काय होतं? खलनायकाचा अड्डा. लाल-हिरवे दिवे, सरकत्या भिंती, ॲसिडचा हौद. १९८० च्या 'शान'मधला शाकाल बघा, त्याच्याकडे तर बेट आणि मगर दोन्ही होतं. हा माणूस घरी जेवायला कधी जातो, त्याला बायको आहे का, त्याच्याकडे गल्लीतला माणूस काम घेऊन येतो का, असले प्रश्नच नाहीत.

'गॉडफादर'ची सरळ हिंदी आवृत्ती लगेच आली. फिरोज खानचा 'धर्मात्मा', १९७५. प्रेमनाथ धर्मात्माच्या भूमिकेत, मुंबईतल्या मटक्याची पार्श्वभूमी, आणि अर्धा सिनेमा अफगाणिस्तानात घोड्यांवर. मजेशीर आहे, गाणी छान आहेत, पण तो उसना कोट वाटतो. मग १९८७ साली मणिरत्नमने तमिळमध्ये 'नायकन' केला. मुंबईतल्या वरदराजन मुदलियारच्या आयुष्याचा आधार आणि कपोलाची शिकवण. धारावीतली माणसं वेलू नायकरकडे गाऱ्हाणी घेऊन येतात ती खरी वाटतात, कारण त्या माणसांना पोलीस आणि कोर्ट कसं वागवतं हे सिनेमा आधी दाखवतो. फिरोज खानने पुढच्याच वर्षी त्याचा हिंदीत 'दयावान' केला. म्हणजे हा माणूस दोनदा त्याच विहिरीवर पाणी भरून आला. :)

आमच्या धंद्यात कोड उचलणं आणि डिझाईन शिकणं यात फरक करतात. कोड उचलला की तो दुसऱ्या मशीनवर चालेलच असं नाही. डिझाईन समजलं की आपल्या मशीनसाठी आपला कोड लिहिता येतो. 'धर्मात्मा'ने कोड उचलला, 'नायकन'ने डिझाईन घेतलं.

आणि तिसराही एक प्रकार असतो. दोन माणसं, दोन देशांत, एकच अडचण सोडवायला बसतात आणि एकाच डिझाईनवर येऊन पोचतात. इथे आपल्याला विजय तेंडुलकरांकडे यायला लागतं.

वाडा, कारखाना आणि तेंडुलकर

तेंडुलकरांनी १९७४ साली जब्बार पटेलांच्या 'सामना'ची पटकथा लिहिली. निळू फुले त्यात हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखान्याचे सर्वेसर्वा. डॉ. लागू मास्तर, दारुडा, कुठूनसा भटकत आलेला. हिंदुराव त्याला ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. हिंदुराव गुंड नाही. तो गावाचं भलं करतो, रस्ते, शाळा, नोकऱ्या सगळं त्याच्याकडून. आणि मारुती कांबळे नावाचा एक माणूस गायब आहे, त्याबद्दल कुणी विचारायचं नाही. मास्तर तेच विचारत राहतो.

पुढच्याच वर्षी श्याम बेनेगलांचा 'निशांत' आला, पटकथा तेंडुलकरांची, कॅमेरा गोविंद निहलानींचा. तिथे जमीनदाराचा वाडा आहे, आणि बायकोला पळवून नेलेला शाळामास्तर पोलीस, कलेक्टर, सगळ्यांचे उंबरे झिजवून रिकामा परत येतो. १९७९ ला 'सिंहासन', पुन्हा तेंडुलकर आणि जब्बार पटेल. १९८० ला निहलानींचा 'आक्रोश', पुन्हा तेंडुलकर. ही सगळी नावं एका ओळीत ठेवली की दिसतं, हा माणूस दहा वर्षं एकच प्रश्न उलटसुलट करून बघत होता. कायदा हात वर करतो तेव्हा माणूस कुणाच्या ओसरीवर जातो, आणि त्याची किंमत काय?

नगर जिल्ह्यातल्या माणसाला ही ओसरी समजावून सांगावी लागत नाही. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आमच्याकडे, प्रवरानगरला, १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून उभा राहिला. सहकाराने जिल्ह्यात काय काय केलं ते आम्ही खाल्लेल्या भाकरीत आहे, त्याला नाव ठेवायचं नाही. पण त्यासोबत एक सवयही लागली. काम असलं की ऑफिसात न जाता 'कुणाकडे' तरी जायचं. ॲडमिशन, बदली, उसाची तोड, कॅनॉलचं पाणी, काहीही असो. सकाळी सातला व्हरांड्यात खुर्ची धरून बसायचं. कपोलाला सिसिलीहून आणावं लागलं ते आमच्या गल्लीत होतं.

रामा शेट्टी

निहलानींचा 'अर्धसत्य' १९८३ च्या ऑगस्टमध्ये आला. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, 'सूर्य'. पटकथा तेंडुलकर, हिंदी संवाद वसंत देव. ओम पुरी सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर, स्मिता पाटील ज्योत्स्ना गोखले. वेलणकरचा कॉन्स्टेबल बाप झालाय अमरीश पुरी, जो चारच वर्षांनी मोगॅम्बो होणार होता. अड्ड्यातला खलनायक आणि घरातला खलनायक हे दोन्ही प्रकार आपल्याकडे एकाच वेळी कसे नांदत होते, ते यावरून दिसतं.

आणि रामा शेट्टीसाठी निहलानींना मिळाले अमरापूरकर. मूळ नाव गणेशकुमार नरवोडे, जन्म नगरचा, ११ मे १९५०. अमरापूर हे शेवगाव तालुक्यातलं गाव, त्यावरून अमरापूरकर. ते मराठी नाटकांत मुरलेले. जयू आणि नचिकेत पटवर्धनांच्या '२२ जून १८९७'मध्ये त्यांनी टिळक केले होते. निहलानींनी त्यांना 'हँड्स अप' या नाटकात पाहिलं आणि घेतलं. हिंदीत चेहरा नवा, हिंदी प्रेक्षकाला पूर्ण अनोळखी.

हे अनोळखी असणंच कामी आलं. रामा शेट्टी पडद्यावर येतो तेव्हा 'आला खलनायक!' असं वाटत नाही. घरच्या कपड्यातला, घरच्यासारखा बोलणारा माणूस. त्याला नगरपालिकेची निवडणूक लढवायची आहे. वेलणकर त्याच्या माणसांना पकडतो, तर हा चिडत नाही, उलट या पोलिसाला आपल्याकडे ओढता येईल का ते बघतो.

त्यातला एक प्रसंग मला 'गॉडफादर'च्या तोडीचा वाटतो. रामा शेट्टीचाच एक माणूस भाजलेल्या, मरणाच्या दारातल्या अवस्थेत वेलणकरला सापडतो. वेलणकर त्याला हॉस्पिटलात नेतो, त्याचा जबाब घेतो आणि पुरावा घेऊन रामा शेट्टीला अटक करायला त्याच्या घरी जातो. रामा शेट्टी पळत नाही, हत्यार काढत नाही. तो एक फोन लावतो. पलीकडून वेलणकरचा वरिष्ठच बोलतो, आणि वेलणकरला हात हलवत परत जावं लागतं. बस्स. हिंदी सिनेमात तोवर कोणत्याही मगरीने मला एवढं घाबरवलं नव्हतं.

आता शेवट. (पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) वेलणकर आतून कुजत जातो. रागाच्या भरात कोठडीत एका भुरट्या चोराला इतका मारतो की तो मरतो. आता निलंबन, चौकशी, सगळं समोर दिसतंय. वाचवू शकेल असा एकच माणूस, रामा शेट्टी. आणि वेलणकर त्याच्या घरी जातो. जाऊन त्याच्यासमोर बसतो.

बघा, हीच ती दुसरी खुर्ची! कपोलाने सिनेमा जिथे सुरू केला तिथे निहलानी आणि तेंडुलकरांनी तो संपवला. बोनासेरा वाकतो आणि हाताचं चुंबन घेतो. वेलणकरसमोर तोच प्रस्ताव येतो, माझा हो, मी सांभाळतो. आणि वेलणकर रामा शेट्टीचा गळा दाबून त्याला मारून टाकतो. मग स्वतः पोलीस स्टेशनात जाऊन सांगतो.

निहलानींनी 'गॉडफादर'ला उत्तर म्हणून हे केलं, असं मला म्हणायचं नाही. पण दोन्ही एकापाठोपाठ पाहिले की ते उत्तरच वाटतं. अमरापूरकरांना या भूमिकेसाठी सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं, ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार. पुढे हिंदीवाल्यांनी अमरापूरकरांना 'हुकूमत'सारख्या सिनेमांत पुन्हा आरडाओरडा करणारा खलनायक केलं. मिळालेली खुर्ची काढून पुन्हा अड्ड्यात नेऊन उभं केलं, याचं मला वाईट वाटतं.

खुर्ची आवडायला लागली

नंतर खुर्ची फिरत राहिली. १९८९ च्या 'परिंदा'त नाना पाटेकरांचा अण्णा. १९९८ च्या 'सत्या'त भाऊ ठाकुरदास जावळे खुर्चीत बसलेला, आणि भिकू म्हात्रे त्याच्याच हातून मरणारा. तिथे सत्या त्या भाऊला गणपती विसर्जनाच्या गर्दीत मारतो. म्हणजे १९९८ पर्यंत तरी आपला सिनेमा खुर्चीवाल्याला माफ करायला तयार नव्हता.

मग २००५ साली राम गोपाल वर्मांचा 'सरकार' आला. त्यांनी आडपडदा ठेवला नाही, सुरुवातीलाच पडद्यावर लिहून 'गॉडफादर'चं ऋण मान्य केलं. सुरुवात तशीच. एक बाप, अत्याचार झालेली मुलगी, हतबल कायदा, आणि सुभाष नागरेपुढे जोडलेले हात. अमिताभने काम सुरेखच केलंय. पण एक मोठा फरक आहे. कपोला दुसऱ्या भागात (१९७४) मायकेल कॉर्लिओनीला शेवटी एकटा बसवतो, सख्ख्या भावाला मारून झाल्यावर. त्या खुर्चीने घराणं खाल्लं, हे तो दाखवतो. 'सरकार'मध्ये मात्र बाल्कनीतून हात हलवणारा माणूस आणि खालची गर्दी बघून आपल्यालाच खाली उभं राहावंसं वाटतं. बोनासेराने काय किंमत दिली, हा हिशोब वहीतून गळून गेला.

त्यामानाने प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' (२०१८) मला प्रामाणिक वाटतो. जमीन गेली म्हणून पोरगा टोळीत जातो, हे कारण त्यात सरळ मांडलंय. पण थिएटरात शिट्ट्या कशावर पडत होत्या, ते ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. आणि चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांसोबत, हात जोडलेले जे तरुण 'भाऊ' दिसतात, त्यांची उभं राहायची ढब कुठून आली तेही.

व्हरांडा

आता हॉस्टेलवर मी गप्प का झालो ते.

आमचं गाव नगरपासून फार लांब नाही. वडील (आम्ही आप्पा म्हणतो) प्राथमिक शिक्षक. गावात सगळे गुरुजी म्हणायचे. अडीच एकर कोरडवाहू रान. शेजाऱ्याने दरवर्षी नांगरताना बांध कोरत कोरत आमच्यात सात-आठ फूट आणले. आप्पा नियमाने चालणारे. त्यांनी मोजणी आणली, दगड रोवले, दगड रातोरात उपटले गेले. मग कोर्ट. मी पहिलीत होतो तेव्हा दावा लागला, नववीत गेलो तरी तारखाच पडत होत्या. आप्पा रजा टाकून सायकलवर स्टँडपर्यंत, तिथून एस्टीने तालुक्याला. संध्याकाळी परत आले की आई विचारायची नाही. चेहऱ्यावरूनच कळायचं.

शेवटी कुणीतरी सुचवलं, भाऊंकडे जा. भाऊ म्हणजे आमच्या भागातले एक वजनदार गृहस्थ. आप्पा महिनाभर नाही म्हणाले. मग एका रविवारी गेले, आणि का कोण जाणे, मला सोबत नेलं. बंगल्याचा व्हरांडा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बारा-पंधरा माणसं ताटकळत बसलेली. आतून लहान पोरांचा खेळण्याचा आवाज, फोडणीचा वास. आमचा नंबर आला. भाऊ उठून उभे राहिले. "या गुरुजी. तुम्ही आमच्याकडं? आज कशी काय वाट चुकली?" आप्पांनी खाली बघत सगळं सांगितलं. माझे वडील, जे वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराला नुसत्या नजरेने गप्प करायचे, ते कुणापुढे अशा आवाजात बोलताना मी पहिल्यांदा पाहिले. भाऊ म्हणाले, "कशापायी कोर्टकचेऱ्या करता? आम्ही काय मेलो का? जा, बघतो मी." चहा झाला. आठ दिवसांत शेजाऱ्याने स्वतः दगड रोवून दिले. आठ वर्षांचं काम आठ दिवसांत! शेजारी आम्हाला रामराम घालायला लागला. मी शाळेत मित्रांना छाती फुगवून सांगितलं.

दीड वर्षाने भाऊंचा पन्नासावा वाढदिवस आला. निवडणूक तोंडावर होती. एक पोरगा मोटरसायकलवर निरोप घेऊन आला, "भाऊंनी सांगितलंय, मानपत्र गुरुजींनी लिहायचं आणि गुरुजींनीच वाचायचं."

आप्पांचं अक्षर मोत्यासारखं आणि भाषा चांगली. तालुक्यात कुणाच्याही निरोप समारंभाचं मानपत्र तेच लिहायचे. पण या माणसाच्या नावावर काय काय होतं ते आप्पांना ठाऊक होतं, अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्यांनी दोन रात्री कंदिलाशी बसून लिहिलं. लाईट असूनही कंदील का घेतला, ते मी विचारलं नाही. स्टेजवरून वाचलं. टाळ्या पडल्या. लोकांना पटलं, कारण ते गुरुजींनी लिहिलं होतं. घरी आल्यावर ते न जेवता अंगणात बाज टाकून पडले. त्यानंतर मानपत्र म्हणून त्यांनी कुणाचंही लिहिलं नाही, स्वतःच्या हेडमास्तरांचंसुद्धा नाही.

भाऊंनी काही वाईट करायला सांगितलं नव्हतं. आप्पांना जे येत होतं तेच मागितलं. बोनासेराला प्रेत सजवता येत होतं. आप्पांना मानपत्र लिहिता येत होतं.

कपोलाबद्दल मला आदर आहे तो यासाठी. न्यूयॉर्कमधल्या इटालियन माणसांची गोष्ट सांगताना त्याने नगर जिल्ह्यातल्या एका मास्तरचा हिशोब बरोबर मांडून ठेवला, जमा आणि नावे दोन्ही बाजू. नंतरच्या बऱ्याच जणांनी फक्त जमेची बाजू उचलली.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा आप्पांना लॅपटॉपवर 'अर्धसत्य' लावून दिला. आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण बघितला शेवटपर्यंत. अमरापूरकरांना बघून खूष झाले. ३ नोव्हेंबर २०१४ ला ते मुंबईत गेले आणि अंत्यसंस्काराला नगरला आणलं, ते आप्पांना आठवत होतं. पडद्यावर एवढा वाईट दिसणारा हा माणूस प्रत्यक्षात अंधश्रद्धा निर्मूलनासारख्या कामांत असायचा, याचं त्यांना कौतुक. शेवटचं दृश्य आलं. वेलणकर रामा शेट्टीसमोर बसला. मी आप्पांकडे बघत होतो. मला वाटलं, ते म्हणतील, याने केलं ते मला जमलं नाही.

आप्पा चष्मा पुसत म्हणाले, "ह्यानंही शेवटी कोर्टाबाहेरच निकाल लावला की रे."

मी काही बोललो नाही. मग म्हणाले, "नाव काय म्हणालास शिनेमाचं?"

"अर्धसत्य."

"बरोबर आहे," म्हणाले, आणि झोपायला गेले.

असो. शनिवार संपत आला, लेख लांबला. ज्यांनी दोन्ही सिनेमे पाहिले नसतील त्यांनी एक करून बघा. आधी 'गॉडफादर'चा पहिला प्रसंग आणि लगेच 'अर्धसत्य'चा शेवटचा. मध्ये चहा घेतला तरी चालेल. आणि तुमच्या गावाकडच्या व्हरांड्यात कोण बसायचं, कोण जायचं, आणि नंतर काय मागितलं गेलं, ते आठवून बघा. चूकभूल द्यावी घ्यावी.